ऑरिनचा राहिलेला तुकडा

आमच्या ऑरिनला चालायला ज्याने शिकवलं त्याला मला एकदा गाठायचंय. चांगली हजेरी घ्यायचीय त्याची. म्हणजे शिकवलं आमच्या आईनेच, पण ती आता सापडायची नाही, त्यामुळे सगळा राग मी ऑरिनवरच काढते.

ऑरिन टॅकेट माझा सख्खा थोरला भाऊ. आमच्या कॉपर फोर्क गावात किराणा मालाचं एकच दुकान, आणि त्याच्या मागच्या अंगाला मांसाचा काउंटर. तिथे उभं राहून त्याने जन्म काढला. हरणाच्या शिकारीचा मोसम लागला की अख्खं खोरं गाडीच्या मागे हरीण टाकून त्याच्याकडेच येणार. तासून, कापून, सॉसेज करून, कागदात बांधून द्यायचा. बोलायचा कमी. बायका विचारायच्या, "ऑरिन, आज काय चांगलं आहे?" तर हा म्हणायचा, "वाईट काय असतं माझ्याकडे?" झालं, त्याच्या दिवसाच्या गप्पा तिथेच संपल्या.

लग्न केलं नाही. एकदा अगदी होत आलं होतं. मुलगी म्हणाली, ऑगस्टअखेरीस करू या. हा म्हणाला, ऑगस्टअखेरीस मी डोंगरात असतो. मुलगी शहाणी होती, तिने एका विमा एजंटाशी केलं आणि सुखात आहे.

ऑगस्टअखेर का, तर पुढे शिकारीचा मोसम, आणि आधी उन्हाळ्यात सुट्टीला येणाऱ्यांची गर्दी. दुकानाच्या मालकाला सुट्टी द्यायला तेवढाच एक आठवडा परवडायचा. आता आमच्या सिस्कियूच्या डोंगरात ऑगस्टअखेर म्हणजे धूर. कुठल्या ना कुठल्या खोऱ्यात रान पेटलेलं असतंच. सूर्य अंड्याच्या बलकासारखा होतो, गाड्यांवर राख पडते, म्हातारी माणसं खिडक्या लावून बसतात. माझी गावात लॉन्ड्री आहे. धुराच्या दिवसांत कुणी कपडे बाहेर वाळत घालत नाही, त्यामुळे माझे ड्रायर दिवसभर गरगरतात. लोक खोकतायत आणि माझा धंदा तेजीत. लाज वाटते, पण काय करणार.

गावाच्या वरून ती वाट जाते. मेक्सिकोच्या सीमेपासून निघून डोंगरांच्या माथ्यामाथ्याने कॅनडापर्यंत. आम्ही नुसतं 'वाट' म्हणतो. पाठीवर घर बांधून ती चालणारी पोरं-पोरी जुलैत माझ्या लॉन्ड्रीत येतात, अंगावर फक्त रेनकोट, कारण बाकी झाडून सगळं मशीनमध्ये! आधी मला मेल्यासारखं व्हायचं. आता मी सांगते, "बाळा, बाकावर बस, पण आधी रेनकोट नीट खाली ओढ." धूर आला की ही मंडळी बस पकडून उत्तरेला तरी जातात नाहीतर घरी. वाट मोकळी होते. आणि मग आमचा ऑरिन बॅग पाठीला लावून तिकडे निघतो. सगळं जग खाली उतरत असताना हा वर!

अशा एकेक आठवड्याने त्याने ती अख्खी वाट चालली. दर वर्षी एक तुकडा. आणि त्यातही सोवळं किती! जिथे मागच्या वर्षी थांबला, बरोबर तिथूनच सुरुवात. पावलाला पाऊल जोडलेलं पाहिजे. मधे कुणाच्या गाडीत बसला तर तेवढं परत येऊन चालायचं. एकदा ऑरेगनमध्ये एका बाईने त्याला सामान घ्यायला गावात नेलं आणि आणून सोडताना म्हणाली, "हीच ती जागा." हा हो म्हणाला, तिची गाडी वळणाआड जाऊ दिली, आणि मग खात्री करायला रस्त्याने मागे चालत गेला, कारण त्याला त्या जागेचा दगड वेगळा आठवत होता. बाईचं बरोबर निघालं. तरी हा खूश, कारण आता त्याने स्वतः पाहिलं होतं. वाटेच्या बाबतीत तो कुणाचाच शब्द घ्यायचा नाही. हा रोग या चालणाऱ्या बऱ्याच जणांना असतो. मी त्यांचे मोजे धुतलेत, मला सांगू नका.

आणि गंमत बघा. कॅनडाची सीमा गाठली, सगळं झालं, आणि राहिला कुठला तुकडा? आमच्या घरामागचा. एका वर्षी तो तिथे पोचला आणि कड्यावर आग आली. जंगल खात्याच्या लोकांनी सगळ्यांना गाडीत कोंबून पलीकडे नेऊन सोडलं. त्यानंतर दर ऑगस्टला काहीतरी व्हायचंच. कधी आग, कधी जळलेली झाडं आडवी पडलेली, कधी वाटच बंद. खिंडीपासून एल्क रस्त्यावरच्या लोखंडी फाटकापर्यंत, तीन दिवसांचं अंतर. तेवढ्यासाठी हा माणूस झुरायचा.

मी वैतागून म्हणायचे, "अरे, कोण बघायला बसलंय? झालं म्हणून सांग आणि मोकळा हो ना बाबा!"

"सांगेन की," तो म्हणायचा, "चालून झालं की."

या उन्हाळ्यात त्याने काउंटर सोडला. अंगठ्याला ही मोठी पट्टी. म्हणाला, "हात थकले, नेटे." मला खरंच वाटलं. पन्नास वर्षं सुरी चालवणाऱ्याचे हात थकणारच. ऑगस्टमध्ये आग लागली ती दूर पश्चिमेला, पण धूर सगळा आमच्या खोऱ्यात येऊन बसला. वाट मात्र बंद केली नव्हती. ज्याला जायचं त्याने आपल्या जबाबदारीवर जावं, अशी पाटी लावली होती. ऑरिन लगेच बॅग भरायला बसला.

मी म्हटलं, "एकटा जाऊन धुरात गुदमरून पडायचंय का? मी येणार."

मला वाटलं, नाही म्हणेल. कधीच कुणाला बरोबर नेलं नाही त्याने. तर म्हणाला, "चल."

तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला. उलट मी हुरळले. माझ्या बॅगेवर घालायला त्याने एक भडक नारिंगी पावसाळी कव्हर आणलं होतं. मी म्हटलं, "पावसाचा पत्ता नाही, हे कशाला?" तर म्हणे, "राखेने बॅग खराब होते." भावाची माया बघून मला भरून आलं.

माझ्या मुलीने आम्हाला खिंडीत सोडलं. ऑरिनने तिथला तो जुना लाकडी खांब हाताने चाचपला, मगच पाऊल उचललं. तोंडाला मास्क, घशात खवखव, आणि समोर काय? काही नाही. चार झाडं दिसायची, पाचवं नाही. कुठेतरी धुरात चरणाऱ्या गायींच्या घंटा वाजायच्या, गाय दिसायची ती एकदम अंगावर आल्यावर. मी म्हटलं, "हे बघायला आलो का आपण? यापेक्षा माझ्या ड्रायरचं दार उघडून उभी राहिले असते!"

"तू पुढे चाल," तो म्हणाला. "धुरात मागे राहिलेलं बरं."

संध्याकाळी त्याने चुलीवरचं उकळतं पाणी बटाट्याच्या पिठात ओतलं, ते अर्धं मांडीवर. मी किंचाळले. तो म्हणाला, "डोळ्यांत धूर गेला." माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहतच होतं. मी म्हटलं, माझ्याही गेलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्यासाठी वाट सोडून खाली झऱ्यावर उतरलो. वाट सोडायची तर काठी वाटेवर आडवी ठेवायची, तिचं टोक जायच्या दिशेला, अशी या लोकांची रीत. परत आल्यावर डोकं चालवायला नको. ऑरिनने तशीच ठेवली. पाणी भरून वर आलो, त्याने चाचपून काठी उचलली, टोक कुणीकडे आहे ते बघितलं आणि निघाला. या वेळी तो पुढे, म्हणे, "इथे वाट रुंद आहे, पायाला कळतं." आम्ही चाललो, चाललो. आणि मला धुळीत बुटाचे ठसे दिसले. समोरून येणारे. उजव्या टाचेचा कोपरा तुटलेला.

"ऑरिन! मेल्या, थांब! हे माझेच बूट!"

"कुठले?"

"तुझ्या पायाखालचे! आपण परत खिंडीकडे निघालोय!"

गाईने काठीला लाथ मारली असणार. चूक गाईची, मान्य. पण हाच ऑरिन पूर्वी धुळीकडे नुसती नजर टाकून सांगायचा, सकाळी एक बाई गेली, थोडी लंगडत होती. त्याला माझी ही तुटकी टाच दिसली नाही? त्या ठशांवरून तो सरळ चालत आला होता.

"धूर किती आहे," तो म्हणाला.

"धूर वर आहे, ठसे खाली आहेत!"

उलट फिरलो. रात्रीपर्यंत मी त्याला त्या गाईवरून टोमणे मारले, आणि तो निमूट ऐकत राहिला, तेही मला खटकलं नाही. आपली माणसं आपण धड बघतच नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे वारा फिरला. तंबूतून डोकं बाहेर काढलं आणि मी जागीच खिळले. आकाश धुतल्यासारखं निळं. डोंगरांच्या रांगा एकामागे एक, आणि त्या सगळ्यांच्या वर शास्ता पर्वत, उन्हाळ्यातलं उरलंसुरलं बर्फ डोक्यावर घेऊन, हात लावावा इतका जवळ. इतकी वर्षं त्याच्या पायाशी राहतेय मी, तरी रडू आलं. ऑरिन एका ओंडक्यावर कॉफीचा मग धरून बसला होता, तोंड सरळ शास्ताकडे. मला वाटलं, तोही बघतोय. शेजारी जाऊन बसले.

तो म्हणाला, "आजही तसाच आहे गं. मास्क लावूनच निघू."

मला आधी वाटलं चेष्टा करतोय. मी हसले. मग त्याच्या हाताकडे पाहिलं. तो खरंच गुडघ्यावरचा मास्क झटकत होता.

"ऑरिन," मी म्हटलं, "समोर काय आहे?"

त्याने मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे, कोंबडी करते तशी. मग हळूच म्हणाला, "गेला का धूर?"

"पहाटेच गेला."

"अरेरे," तो म्हणाला.

अरेरे! सगळं खोरं महिनाभर देवाला हात जोडतंय की धूर जाऊ दे, आणि हा म्हणतोय अरेरे.

मग सांगितलं एकदाचं. नजरेतलं मधलंच गेलंय, कडेकडेने दिसतं. रेडिंग शहरातल्या डॉक्टरने वसंतातच सांगितलं होतं, परत यायचं नाही, आणखी जाईल. अंगठा त्यामुळेच कापला. "तुझ्याकडे सरळ पाहिलं ना नेटे, की तू नसतेसच. जरा बाजूला पाहिलं की येतेस. कान आधी येतात."

मी इतकी चिडले की त्याच्या मगातली कॉफी फेकली. "आणि मला सांगितलं नाहीस? मी कोण, वाटेवरची? या कड्यांवरून मी पुढे आणि तू मागे आंधळ्यासारखा... म्हणून ते नारिंगी कव्हर! माया नाही, काही नाही! मी आपली भोळी!"

"तेवढं दिसतं कडेने. भडक आहे ना." मग थांबून म्हणाला, "सांगितलं असतं तर घरात कोंडलं असतंस. पुढच्या वर्षी तेवढंही दिसणार नाही. म्हटलं, धुरात सगळेच चाचपडतात. त्यात माझं कुणाच्या लक्षात येणार नाही. तीन दिवस धूर टिकला असता तर झालं होतं गं."

काय बोलायचं अशा माणसाला? मी रडले, त्याला शिव्या घातल्या, परत रडले. मग भांड्यात उरलेल्या कॉफीत दोघांनी टॉर्टियाच्या पोळ्या बुडवून खाल्ल्या. मागे फिरायचं म्हटलं तर दोन दिवस, पुढे अर्धा. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." ऑरिन टॅकेटच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

"मी म्हणते पुढे," मी म्हटलं. "ऊठ."

मग मी पुढे आणि तो नारिंगी कव्हरच्या मागे. दगड आला की दगड, मूळ आलं की मूळ, ओंडका आला की "पाय उचल, अजून, अजून, तुझा पाय आहे की हरणाचा खूर?" असं करत जळलेल्या रानात उतरलो. काळे खांब नुसते, सावली नाही. खाली, अगदी खाली, एल्क रस्ता दिसत होता. आणि त्याच्या बऱ्याच वर वाटेला फाटा फुटला.

डावीकडे लाकडाच्या ट्रकांचा जुना रस्ता, रुंद, आरामात वळत वळत त्याच फाटकाशी उतरणारा. उजवीकडे वाट, कड्याच्या पोटातून, दीड वीत रुंद, आणि तिच्या डाव्या अंगाला काही नाही. नुसती हवा. आगीनंतर तिथली माती सुटलीय, गावात सगळे बोलतात. दोन्हीकडे पायाखाली तीच राख आणि तेच खडे. दोन्हीकडे उजव्या हाताला डोंगराची भिंत. मी त्याला डावीकडून नेलं असतं तर त्याला कधी कळलं नसतं. फाटकाला हात लावून तो आयुष्यभर सुखात राहिला असता, आणि मी माझा भाऊ धडधाकट घरी नेला असता.

मी एक पाऊल डावीकडे टाकलंसुद्धा.

"का थांबलीस?" त्याने विचारलं.

मी मागे वळून पाहिलं. तो उभा होता, मान जरा वाकडी करून, माझा नारिंगी ठिपका डोळ्यांच्या कडेत पकडून. एवढीच एक गोष्ट त्याने जन्मभर मागितली होती. कुणाकडे मागितलीही नव्हती, पायांनी मिळवत आला होता. ती मी त्याच्या न दिसण्याचा फायदा घेऊन चोरणार होते. आणि तो पडला असता तर? तर मी जगले नसते, हेही खरं. दोन्ही खरं होतं, आणि विचारायला तिथे कुणी नव्हतं.

"बुटाची नाडी सुटली," मी म्हटलं. बांधल्यासारखं केलं, आणि उजवीकडे वळले.

"उजवा हात भिंतीला लाव आणि काढू नकोस."

डावीकडे काय आहे ते मी सांगितलं नाही. मी नुसती बोलत राहिले. मालकाला, डॉक्टरला, विमा एजंटाच्या बायकोला, त्या गाईला, सगळ्यांना नावं ठेवली. मधे एके ठिकाणी खडे घसरून खाली गेले, ते कुठे आपटल्याचा आवाजच आला नाही, तेव्हा मी जास्तच मोठ्याने बोलले. मास्क घामाने भिजला, मागे वळून बघायची हिंमत होईना. त्याच्या बुटांचा आवाज येतोय तोवर तो आहे, एवढंच धरून चालले. मग एकदाची भिंत संपली, गवत लागलं, आणि पुढे ते लोखंडी फाटक.

त्याने दोन्ही हातांनी ते चाचपलं. वरची दांडी, कडी, बिजागऱ्या. उन्हाने तापलं होतं तरी हात काढले नाहीत. मी खाली बसले.

फाटकाकडेच तोंड ठेवून तो म्हणाला, "नेटे, वर एक फाटा होता. डावीकडे ट्रकचा रस्ता. आम्हाला त्या वर्षी गाडीतून तिथूनच आणलं होतं."

"होता."

"तिथे तू थांबलीस."

"थांबले."

"आपण कुठून आलो?"

"वाटेने," मी म्हटलं.

मला वाटलं, आता खोदून विचारेल. दगड कसा होता, वळणं किती, माती कुठे सुटली होती. निदान म्हणेल, परत वर जाऊन बघू. मी उत्तरं तयार ठेवली होती.

"बरं," तो म्हणाला.

माझ्या शेजारी येऊन बसला, खिशातून स्वतः केलेल्या सुक्या मांसाची पट्टी काढली, दाताने तोडून अर्धी माझ्यापुढे धरली, माझ्या हाताच्या जरा बाजूला. मी हात तिकडे नेला.